हे वाक्य खरं असेल तर...

आमच्या शनिवारच्या तर्कशास्त्राच्या गटात माणसं मोजकी, किस्से मात्र पोतंभर. संगमनेरला कॉलेजातल्या एका रिकाम्या वर्गात आम्ही जमतो आणि ‘खरं’ हा शब्द कुठल्या नियमांनी वापरावा यावर भांडतो. घरी हे सांगितलं तर घरचे हसतात, नाही सांगितलं तर संशय घेतात. मग किस्से साठणारच!

*

गुंजाळ सर आमच्या गटाचे म्होरके. एकदा कॅन्टीनवाल्या भाऊंनी त्यांना विचारलं, “सर, तुमी दर शनवारी शोधता तरी काय?”

“खरं म्हणजे काय, ते.”

“मंग कोर्टात बघा की!”

“बघितलं. तारीख मिळाली!” सर म्हणाले.

*

नेहमीच्या तर्कात एक खोड आहे. ‘हे वाक्य खरं असेल, तर अमुक होईल’ असं वाक्य घ्या आणि नियमानं पुढे चालत राहा. ते अमुक चक्क सिद्ध होतं! अमुकच्या जागी काहीही घाला. म्हणून आमच्याकडे रिवाज असा, की कुणी नवे नियम मांडले की त्या जागी आपल्या मनातली इच्छा घालायची. इच्छा सिद्ध झाली की नियम बाद.

माझे नियम मांडले तेव्हा मी घातलं होतं, ‘तर आज पुण्याच्या एसटीत खिडकी मिळेल.’ अर्ध्या फळ्यातच सिद्ध झालं. सरांनी हात मिळवला. “अभिनंदन मॅडम! खिडकी मिळाली, सिद्धांत गेला!”

मंचरपर्यंत उभी राहून गेले मी.

*

मनीषा आमच्यातली पीएचडी करणारी मुलगी, पाथर्डीकडची. गुडघे दुखून बेजार, तरी तिची आई दसरा झाला की ऊसतोडीला निघायची. मनीषाला कॉलेजात तासिकांवर काम मिळालं, तशी ती मागे लागली, आई, आता घरी राहा. आई ऐकेल तर शपथ! “टोळीतल्या बाया काय म्हनतील?” एवढंच उत्तर.

त्यामुळे मनीषाची इच्छा ठरलेली. ‘तर आई यंदा ऊसतोडीला जाणार नाही.’ एकदा तिचे नियम चुकले आणि ती इच्छा सिद्ध झाली. म्हणजे सगळं काम फुकट. पण पोरीचा हात काही पुसायला उचलेना. सरांनीही डस्टर मागितलं नाही. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं.

*

शेवटी तिला वाट सापडली. एक गृहीतक एकदाच वापरायचं, एवढाच नियम. त्या खोडसाळ वाक्याला तेच गृहीतक दोनदा लागतं, त्यामुळे त्याची गाडी मध्येच अडते.

सरांनी घरी जाऊन हे काकूंना मोठ्या कौतुकानं समजावलं. दुसऱ्या दिवशी जेवताना काकू म्हणाल्या, “काल भाजी छान झाली म्हणालात, ते वापरून झालं. आज परत म्हणा!”

तेव्हापासून सर रोज म्हणतात. कारल्याच्या दिवशीसुद्धा!

*

आणि मनीषाची तोंडी परीक्षा. आई मागच्या बाकावर, ठेवणीतल्या साडीत. बाहेरून आलेले परीक्षक कडक. म्हणाले, “फळ्यावर करून दाखवा.” आमच्यात प्रत्येक ओळीच्या उजवीकडे ती ओळ कशावरून आली, ते लिहावं लागतं. मनीषानं आपलं तेच वाक्य घेतलं, मोठ्यानं वाचत एकेक ओळ लिहिली, कारणं लिहिली आणि थांबली.

“सर, इथून पुढे जाता येत नाही. आई ऊसतोडीला जाणार नाही, हे माझ्या नियमांनी सिद्ध होत नाही.”

“उत्तम!” परीक्षक म्हणाले.

मागून आवाज आला, “ह्येच लिव्हत बसती व्हय ही पोर, येवढी वर्सं?”

“हो आक्का,” गुंजाळ सर म्हणाले. “हेच.”

आई बाकाला धरून उभी राहिली. “मने, लिव्ह पुढं. न्हाई जानार मी.”

मनीषाचे डोळे भरून आले. खडू हातात तसाच. “आई, असं नाही लिहिता येत गं...”

परीक्षक उठले. तिच्या हातातून खडू घेतला आणि खाली स्वतः ओळ लिहिली, ‘आई यंदा ऊसतोडीला जाणार नाही.’

मग उजवीकडे कारण लिहिलं, ‘आईनं सांगितलं.’