जावक क्रमांक एक

सहादेवला आईने एक खाकी पिशवी शिवून दिली होती. आत सात कप्पे. सरकारी कागद एकमेकांत मिसळायला नकोत, म्हणून राहीबाईंनी डोळे ताणून, दुहेरी टीप घालून ते शिवले होते. मुलगा नगरला हापिसात आहे आणि त्याच्याकडे सात कप्प्यांचे कागद असतात, हे तिसगावात कुणी विचारो न विचारो, त्या सांगत असत. बाजाराच्या दिवशी तर भाजीवालीलाही सांगून झाले होते.

कागद त्या पिशवीत कधी गेलेच नाहीत. पहिल्या कप्प्यात कात्री होती, दुसऱ्यात पक्कड, तिसऱ्यात जाड कागदाच्या पट्ट्या, चौथ्यात दोन वायरी जोडलेला तपासणीचा बल्ब, पाचव्यात सुतळी, सहाव्यात एक वही. सातव्यात, सगळ्यांत आतल्या, बांबूची एक वीतभर पट्टी होती. ती त्याने स्वतः तासली होती, काचेच्या तुकड्याने घासली होती आणि महिनाभर गोडेतेल पाजले होते. विहिरीवरच्या विजेच्या मोटारीच्या खाचेत तांब्याची तार दाबून बसवायची, तर लोखंड चालत नाही. तारेवरचे लुकण, म्हणजे वरचा पातळ लेप, खरवडून निघतो. बांबू मात्र दाबतो आणि दुखवत नाही. ही पट्टी सहादेव कुणाच्या हातात देत नसे. कुणी मागितलीच तर पिशवी काखेत घट्ट धरून दुसराच विषय काढत असे.

आता सरकारी नोकरीतला माणूस मोटारीच्या नादी कसा लागला, ते सांगायला हवे. नगरच्या एका कचेरीत तो बारनिशीला होता. आलेल्या पत्रावर शिक्का मारायचा, आवक नंबर टाकायचा. जाणाऱ्या पत्रावर शिक्का मारायचा, जावक नंबर टाकायचा. अक्षर मोत्यासारखे, त्यामुळे साहेब खूश. पण पत्र आत गेल्यावर त्याचे काय झाले, ज्याने लिहिले त्याचे काम झाले की नाही, हे बारनिशीवाल्याला कधीच कळत नसे. चार वर्षे त्याने असे शिक्के मारले. नोकरी तात्पुरती होती, आणि ‘कायम’ व्हायची वाट त्याच्यापेक्षा त्याची आई जास्त पाहत होती.

त्याची खोली माळीवाड्यात, जळक्या मोटारीत नवी तार भरून देणाऱ्या रंभाजी वाइंडरच्या दुकानामागे. एका संध्याकाळी कुणीतरी जळून काळी पडलेली मोटार बैलगाडीतून आणून तिथे टाकली. पाच दिवसांनी तीच मोटार त्याच दुकानात गुरगुरत फिरताना सहादेवने पाहिली, आणि तो जेवायचे विसरून उभा राहिला. आलेली वस्तू बरी होऊन जाते, हे त्याला नवीन होते. दुसऱ्या दिवसापासून कचेरी सुटली की तो रंभाजीच्या दुकानात जाऊन बसू लागला. वर्षभर रंभाजीने नुसती तार धरायला लावली, दुसऱ्या वर्षी वेढे मोजायला. मोजताना कुणी बोलले की म्हातारा हातातले असेल ते फेकून मारायचा. शंभर वेढ्यांत एक चुकला तरी मोटार लक्षात ठेवते, असे त्याचे म्हणणे होते. सहादेव मोजायला शिकला, आणि प्रत्येक मोटारीची खाचा, वेढे, तारेची जाडी अशी नोंद आपल्या मोत्यासारख्या अक्षरात वहीत करू लागला. कचेरीतून दांड्या वाढल्या. साहेबांनी एकदा समज दिली, दुसऱ्यांदा लेखी दिली.

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात तिसगावच्या गावविहिरीची मोटार जळाली. पाऊस आदल्या साली झालाच नव्हता. बाकीच्या विहिरींचे तळ दिसत होते आणि सगळे गाव या एका विहिरीवर होते. सरपंच आप्पासाहेब मोटार नगरला न्यायच्या खटपटीत असताना सहादेव आठ दिवसांची रजा काढून घरी आला होता. तो म्हणाला, “आप्पा, हितंच करतो मी.”

आप्पासाहेबांनी त्याच्याकडे वरून खालपर्यंत पाहिले. “तू? तू तर हापिसात हायस ना?”

मग ओसरीवर ती खाकी पिशवी उलगडली गेली, आणि राहीबाईंनी चार वर्षांत पहिल्यांदा तिच्या सात कप्प्यांत काय आहे ते पाहिले. त्या उठून चुलीपुढे गेल्या आणि भाकरी जरा जास्तच जोरात थापू लागल्या.

सहादेवने जळलेली कॉइल कापली, तारा मोजल्या. चाळीस वेढे. तेवढेच नवे भरले, वार्निश पाजले, वाळवले. सहाव्या दिवशी मोटार विहिरीवर बसली, पाणी आले. बायकांनी हंडे पुढे सरकवले, आप्पासाहेबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. सहादेव मात्र मोटारीवर तळहात ठेवून उभा होता. अर्ध्या तासाने त्याने हात मागे घेतला आणि स्वतःच बटण बंद केले.

“लई तापतीय,” तो म्हणाला. “अशीच चालू ठिवली तर चार दिसांत पुन्हा जळंल.”

रांगेत कुजबुज सुरू झाली. सहादेव तिथेच मातीत बसला आणि त्याने वही काढली. याच कंपनीच्या, याच ताकदीच्या तीन मोटारींची नोंद तिच्यात होती. तिन्हींत शेहेचाळीस वेढे. त्याच्या लक्षात आले. आधी कधीतरी कुणा वाइंडरने तांबे वाचवायला सहा वेढे खाल्ले होते, म्हणूनच ही जळाली होती. आणि सहादेवने त्याची ती लबाडी इमानेइतबारे मोजून जशीच्या तशी पुन्हा भरली होती. वही पिशवीत असताना त्याने ती उघडली नव्हती. त्याला स्वतःची मनस्वी लाज वाटली.

आपली चूक कुणालाही न कळू देता तो मागच्या वाइंडरच्या नावाने बोटे मोडून मोकळा होऊ शकला असता. पण तो उभा राहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला, “चूक माझी हाय. वही बघायला पायजे हुती, मी बघितली न्हाई. समदं काढून पुन्हा भरतो.”

“आन तवर पानी?” मागून रांगेतल्या चांगुणाने विचारले.

“तवर वडून काढायचं,” तो म्हणाला, आणि त्या दिवशी पहिला पोहरा त्यानेच ओढला. राहीबाई रांगेतच होत्या. चारचौघांत मुलाने चूक कबूल केली याचा राग धरावा की काय करावे, हे त्यांना घरी येईपर्यंत समजले नाही.

नगरला जाऊन नवी तार आणण्यात एक दिवस गेला, केलेले उपसून खाचा साफ करण्यात दुसरा. रजा संपली. मोटार पुन्हा काढली त्याच दिवशी सहादेवने रजा वाढवून मागणारी तार कचेरीला केली होती; आता तो ओसरीवर तार गुंडाळायचा लाकडी फर्मा घेऊन बसला. अठरा कॉइली. एकदा बसला की अठरा होईपर्यंत उठायचे नाही, ही त्याची रीत. राहीबाई दारात बसून बघत होत्या. हँडल फिरत होते, ओठ हलत होते, आणि शेहेचाळीसला थांबून बोट पुन्हा एकावर येत होते. कोंबडी आली, त्यांनी न ओरडता हाकलली. शेजारीण बोलायला आली, तिला हातानेच परत पाठवले.

दहाव्या कॉइलीला पोस्टमन छगन आला. नगरच्या कचेरीचे रजिस्टर पत्र होते. “सहादेव, सही पायजे,” असे म्हणायला त्याने तोंड उघडले तोच राहीबाई आडव्या आल्या.

“बोलू नगंस,” त्या हळूच म्हणाल्या. “मोजतुया.”

“मावशी, सरकारी कागुद हाय. हापिसातनं आलाय.”

“कळलं मला. अजून आठ हायत. बस तिथं, पानी देते.”

छगन बसला. त्याला अजून निम्मे गाव फिरायचे होते, पण राहीबाईंचा चेहरा बघून त्याने सायकल भिंतीला टेकवली. तासाभराने अठरावी कॉइल बांधून सहादेवने मान वर केली, तेव्हा समोर पोस्टमन होता आणि आईच्या डोळ्यांत पाणी होते.

त्याने सही केली, पत्र फोडले. सोमवारी सकाळी हजर झाल्यास सेवेत कायम करण्याचा विचार होईल. न झाल्यास नाव कमी करण्यात येईल. त्याने ते आईला वाचून दाखवले, कारण हा कागद त्याच्याइतकाच तिचाही होता.

आज शनिवार होता. कॉइली खाचांत बसवायला उद्याचा दिवस, वार्निश वाळायला परवाचा. राहीबाईंनी ते बोटांवर मोजले.

“तिथं कदी असा बसला हुतास का रं?” त्यांनी विचारले. “मान खाली घालून, तहानभूक इसरून?”

“न्हाई, आये.”

“मग घे लिहायला. छगन बसलाच हाय.”

सहादेवने वहीचे शेवटचे पान फाडले आणि त्याच मोत्यासारख्या अक्षरात राजीनामा लिहिला. सवयीने हात वरच्या कोपऱ्यात गेला. तिथे त्याने जावक क्रमांक एक असे घातले. मग राहीबाईंनी पिशवी पुढे ओढली, सातव्या कप्प्यातली बांबूची पट्टी पदराने पुसली आणि मुलाच्या हातात दिली.