म्होरला ठिपका

गहिनीनाथकाका तेलगावच्या ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतात. त्याआधी सहा वर्षं ते पुण्यात दूरच्या दीर्घिकांच्या गाभ्यातून उसळणारे झोत मोजत होते. असा झोत जवळजवळ आपल्याच दिशेने येत असला, की त्यातले तेजस्वी ठिपके प्रकाशापेक्षा जोरात पळताना दिसतात. नुसतं दिसतं तसं. हे वाक्य काका अजूनही दोनदा सांगतात.

मोजायचं म्हणजे रेडिओ दुर्बिणींच्या दोन वेगळ्या वर्षांच्या चित्रांत तोच ठिपका ओळखायचा. एका दीर्घिकेच्या पहिल्या चित्रात, गाभ्यापासून मोजलं तर, एक ठिपका तीन मापांवर आणि मागचा एका मापावर होता. दोन वर्षांनंतरच्या चित्रात एकच उरला, चारवर. चकलांब्याच्या मेंढपाळाच्या या मुलाने तो आधीचा पुढचाच धरला. कळपात म्होरकी मेंढी बदलत नाही. वेग आला प्रकाशाच्या चौपट.

त्यांच्या हाताखाली संशोधन शिकणारी ऋतुजा म्हणाली, "सर, पुढचा विझला असेल, हा मागचा असेल. मग बारापट येतो. मधल्या वर्षाचं चित्र मिळेपर्यंत थांबू या."

"कळप राखलायस का कधी?"

"नाही. पण आभाळात मेंढरं तुम्ही तरी कुठे पाहिलीत?"

गटातले सगळे हसले. काकांना ते झोंबलं. त्यांनी तिचा आकडा निबंधातून काढला आणि तिच्या मार्गदर्शकांना सांगितलं, मुलगी उथळ आहे. ऋतुजाची शिष्यवृत्ती पुढे वाढली नाही. ती नाशिकला बँकेत लागली.

वर्षभराने मधलं चित्र मिळालं. पुढचा ठिपका विझत चालला होता, मागचा पुढे येत होता. बारापटच. काकांनी निबंध छापलेल्या नियतकालिकातच चूक कबूल करणारं पत्र ऋतुजाच्या नावासह छापून आणलं आणि गावी परतले.

वडील, भागवतआबा, ऐकून म्हणाले, "आरं, म्होरकी मेली की मागली म्होरं व्हती. काऊन ठावं न्हाई तुला? पर मेंढरामागं तू गेलतास कवा? साळंतच तर व्हतास."

यंदा काकांनी धीर करून तिला फोन केला. "संशोधनात परत ये. मी बोलतो सगळ्यांशी."

"तुमचं पत्र मी तेव्हाच वाचलं, सर. आकडा चुकतो, त्याचं काही नाही. पण माझ्याबद्दल जे बोललात, त्याची दुरुस्ती कुठे छापतात?"

पलीकडे खिडकीवरचं कुणी तरी "मॅडम, पासबुक" म्हणालं, आणि तिने घाईने, पण नीट निरोप घेऊन फोन ठेवला.