खालची पट्टी मी बंद केली

गयाबाईंचा घात मी केला. मागच्याच्या मागच्या दसऱ्याआधीचा सोमवार, सकाळचे अकरा वाजून वीस मिनिटं, आमच्या गावचं समाजमंदिर. समोर तीस-चाळीस बाया बसलेल्या होत्या आणि त्यांच्या देखत केला. एकीलाही कळलं नाही. मीही कुणाला बोलले नाही. मी काम करते त्या ऊसतोड कामगारांच्या संघटनेत नाही, आईपाशी नाही, जिला सगळं सांगते त्या मैत्रिणीलाही नाही. गेल्या आठवड्यापर्यंत नाही.

मिनिटापर्यंत वेळ कशी लक्षात राहिली? राहिली नाही. रेकॉर्डिंगमध्ये दिसते. त्या रेकॉर्डिंगचं सांगते, टाळत नाही — पण आधी गयाबाई कोण ते कळायला हवं. नाहीतर मी जे केलं ते नुसतं एक बटण दाबणं वाटेल.

आमचं गाव नेकनूरकडचं, गयाबाई तिथल्याच. अर्धा जन्म ऊस तोडलेली बाई. शाळा सातवीपर्यंतच, पण टोळीत वाचता येणारी ती एकटी. मुकादमाची चिठ्ठी असो की कारखान्याची नोटीस, गयाबाई वाचायची आणि मग तळावर चर्चा व्हायची. काही वर्षांमागे तापात तिचे कान गेले. शिबिरातलं यंत्र मिळालं, ते नुसती शिट्टी वाजवायचं; तिने ते दिवळीत ठेवून दिलं. बैठकांना यायची, भिंतीशी बसायची. पुढारी तीच. पण बैठकीत काय चाललंय ते तिला आम्ही सांगू तेवढंच.

आम्ही सांगू तेवढंच. हे ध्यानात ठेवा.

मग सरकारी साहेबलोकांबरोबरच्या बैठका लॅपटॉपवर व्हायला लागल्या. एके दिवशी मी कॅप्शन चालू करून दाखवलं: समोरचा बोलतो आणि त्याचं बोलणं पडद्याच्या तळाशी मराठीत उमटत जातं. आमच्या बोलीचं ते मशीन वाटोळं करतं, पण साहेबांचं छापील मराठी बरोबर पकडतं. गयाबाई बराच वेळ त्या पट्टीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बेस हाय गं हे. आता साहेब काय म्हनतो ते तुला इचारायचं काम न्हाई."

मी हसले होते तेव्हा. खरंच आनंदाने हसले होते.

आमची मागणी साधी होती. आई-बाप तोडीला जातात तेव्हा लेकरं गावात राहावीत, शाळेतच त्यांच्या जेवणाची-राहण्याची सोय व्हावी. गयाबाईंची नात रेणू तेव्हा सातवीत होती. तिचे आई-बाप टोळीबरोबर निघणार, गयाबाईही निघणार. सोय झाली नाही तर रेणूही निघणार. एवढंच पणाला लागलं होतं. 'एवढंच' म्हणते मी — बघा, अजून सवय जात नाही.

पत्रक मी लिहिलं होतं. मला लिहिणं संघटनेतच शिकवलं गेलं, आणि पत्रकात 'कदाचित' चालत नाही. मथळा दिला: 'सगळ्या गावांना, नाहीतर कुणालाच नको!' पार गेवराईपर्यंत वाटलं. गुरुवारी बीडला मोर्चा. खाली पहिलं नाव गयाबाईंचं.

आणि मध्ये हा सोमवार.

लॅपटॉप एकच. समाजमंदिरात आवाज घुमतो म्हणून हेडफोन माझ्या कानात. साहेब बोलणार, मी ऐकून बायांना मोठ्याने सांगणार. गयाबाई माझ्या खांद्याला खांदा लावून पट्टी वाचणार. म्हणजे मी खरं सांगते की नाही हे तपासू शकणारं माणूस त्या खोलीत एकच होतं. ज्याला ऐकू येत नव्हतं ते.

मुलांची यादी दाखवायला मी स्क्रीन शेअर केली. अर्ध्या पडद्यावर यादी, अर्ध्यावर बैठक, तिच्या तळाशी पट्टी. गावोगावच्या कार्यकर्त्यांना मीच शिकवते, 'फक्त यादीची खिडकी शेअर करा, अख्खी स्क्रीन नको.' त्या दिवशी घाईत अख्खी शेअर केली.

साहेब बोलले. पट्टीवर उमटलं: 'तुमच्या गावापुरतं'.

एवढं वाचलं आणि मला पुढचं सगळं दिसलं. गयाबाई हो म्हणणार. का नाही म्हणणार? मग गुरुवारी पुढे कोण चालणार? माझ्या मथळ्याचं काय होणार? शेजारच्या गावातली लेकरं माझ्या मनात होती का? होती — पण मथळ्याच्या मागे. माझा हात आपोआप गेला असं लिहिणार नाही. मी बटण दाबलं. पट्टी गेली.

साहेबांचं वाक्य पुरं असं होतं: तुमच्या गावापुरतं याच आठवड्यात सुरू करतो, बाकीच्या गावांचं पुढच्या वर्षी बघू.

"पट्टी कुठं गेली गं?" गयाबाईने विचारलं. मी हातानेच दाखवलं, नेट गेलं. "काय म्हनला त्यो?" पत्रकाच्या पाठीवर मी लिहिलं: 'नाही म्हणतोय.' बायांनाही तेच सांगितलं. गयाबाई उठली, पदर खोचला आणि लॅपटॉपच्या तोंडाशी ओरडली, "मग आमाला बी तुमचं काय नको!" माझ्या कानात साहेब म्हणाले, ठीक आहे, तुमची मर्जी.

मोर्चा मोठा झाला. माझं कौतुक झालं. त्यानंतर चौथ्या दिवशी मांजरसुंब्याच्या चौकात ट्रक थांबला होता, बिऱ्हाडांच्या गाठोड्यांवर रेणू बसली होती, मांडीवर शाळेचं दप्तर. मी निरोप द्यायला गेले होते. मी हात हलवला. तिने हलवला नाही. मला वाटलं, दुःखात आहे.

ती हंगाम संपल्यावर परतली आणि पुढच्या जूनला पुन्हा सातवीत बसली. गावातल्या आणखी दोघी शाळेत परतल्याच नाहीत. वर्षभराने आठ-दहा गावांत सोय सुरू झाली, आमच्याही. तेव्हा सगळे म्हणाले, ताणून धरलं म्हणून मिळालं. माझंच बरोबर होतं असं म्हणायची केवढी सोय! मी ती वापरली. सभेत, माइकवर, वापरली.

रेकॉर्डिंग दुसऱ्याच दिवशी बैठकीला जोडलेल्या सगळ्यांना आलं होतं; आमच्याकडून फक्त मला. अख्खी स्क्रीन शेअर केलेली, म्हणून त्यात सगळं आहे: माझ्या माउसचा बाण खाली सरकतो, टिचकी मारतो, पट्टी जाते. साहेबांच्या कचेरीत हे सगळ्यांनी पाहिलं. कुणी विचारलं नाही. त्यांना ती पडद्यावरची अडगळ वाटली असेल. मला मात्र दर महिन्याला वाटायचं, आज कुणीतरी विचारणार. आज. कुणी विचारत नाही याचा राग येतो माणसाला, हे तुम्हाला माहीत आहे का?

गेल्या आठवड्यात, दुपारी, मी लॅपटॉप घेऊन गयाबाईंच्या दारात गेले. तोंडाने सांगायचं तर ओरडावं लागलं असतं, गल्लीने ऐकलं असतं. कागदावर लिहायचं तर — मी पत्रकवाली, घासूनपुसून लिहिलं असतं. म्हणून दोघींचीच बैठक लावली, त्याच लॅपटॉपवर. कॅप्शन चालू केलं, माउस तिच्या हातात दिला आणि बोलत गेले. पडद्यावर माझाच चेहरा आणि त्याखाली माझीच वाक्यं, अडखळलेली, 'म्हणजे म्हणजे' सकट. खाडाखोड करता येत नव्हती.

तिने हात वर केला. "थांब. ते परत म्हन."

मी परत म्हणाले. 'साहेब हो म्हणाले होते.' अक्षरं उमटली. ती वाचत राहिली.

"मी घेतलं असतं," ती म्हणाली.

'मला माहीत होतं.'

"म्हनून बंद केलीस?"

'हो.'

तिने माउस बाजूला सारला. मग म्हणाली, "दीड वरीस मी नेटला शिव्या घालते गं. बिचारं नेट." हसली का? ओठ हलले. लगेच चेहरा कठोर झाला. "मला कशापायी सांगतीस? रेणूला सांग. ती पोरगी माझ्याशी धड बोलत न्हाई तवापासनं. समद्या बायांच्या देखत मी वरडले नव्हं? म्हनते, आज्जीच नको म्हनली."

हे मला ठाऊक नव्हतं. मी एक वर्ष हिरावलं एवढंच मला वाटत होतं. आजी-नातीतलं बोलणंही मीच बंद केलं होतं, त्याच बटणाने.

रेणू शाळेतून आल्यावर तिला सांगितलं. दप्तर खांद्यावरून न काढता तिने ऐकलं. एकच विचारलं, "म्हंजी आज्जी हो म्हनली असती?"

हो म्हणाले. तिने माझ्याकडे पाठ केली. आत गेली, आजीच्या शेजारी बसली, लॅपटॉप दोघींच्या मध्ये ओढला आणि शाळेतल्या मराठीत बोलायला लागली. काय ते ऐकायला मी थांबले नाही. उठून बाहेर आले.

खरं सांगू? त्या दारातून निघाले तेव्हा पाय हलके होते. त्याची लाज वाटायला हवी, पण नाही वाटत. गयाबाईने माफ केलेलं नाही, मी मागितलेलंही नाही. संघटनेला कळवलंय, रेकॉर्डिंगही दिलंय. आता कुणी विचारण्याची वाट बघावी लागत नाही. गयाबाईंच्या बैठका चालू आहेत आणि माउस तिच्या हाताखाली असतो. परवा मी मध्येच बोलले तर तिने पट्टीवरून नजर न काढता म्हटलं, "तू गप. मी वाचायलीय."

तुम्ही जे हे वाचताय, गावोगावी बैठका घेताय, लॅपटॉप उघडताय, 'मी सांगतो तुम्हाला काय म्हणाले ते' असं म्हणताय — तुमच्या खोलीतही भिंतीशी कुणीतरी बसलेलं आहे. पुढची बैठक सुरू करण्याआधी त्याला पुढे बोलवा, पट्टी चालू करा आणि माउस त्याच्या हातात द्या. मग परत मागू नका.