अर्धी पट्टी खाली

ती चष्म्याच्या दुकानात नोकरी करायची आणि रविवारी नणंदेच्या गाण्यांना गिटारची साथ द्यायची. दोघींच्या या बँडला बारा वर्षांत तीन अल्बम आणि चाळीसेक निष्ठावंत श्रोते लाभले. त्यातले निम्मे नातेवाईक.

नणंदेने बजावलं होतं, “वरचा सूर लागेनासा झाला, की बँड बंद.” म्हणून ती दर दोन वर्षांनी गुपचूप गिटार अर्ध्या सुराने उतरवत आली.

आज नवे व्हायोलिनवाले काका तालमीत म्हणाले, “अहो, रेकॉर्डिंगपेक्षा पट्टी बरीच खाली आहे!”

ती घाईघाईने दुसऱ्याच गाण्याची सुरावट छेडू लागली.

“गाते मी, काका. मला कळत नसेल होय?” नणंद म्हणाली. “वहिनी, घसा बसलाय. आज आणखी जरा उतरव.”

बारा वर्षांत पहिल्यांदाच तिने चारचौघांदेखत खुंट्या सैल केल्या.