ने म्हणालो होतो

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, सख्ख्या भावाला नाही. वकिलीत दुसऱ्यांचे कबुलीजबाब पुष्कळ वाचले — टाईप केलेले, खाली अंगठा उमटवलेले. स्वतःचा मात्र ओठांपर्यंत आणून दर वेळी गिळला. आता साठी उलटली आहे. सांगतोय ते पश्चात्तापानं सांगतोय असं समजू नका. थकलोय म्हणून सांगतोय. लपवून ठेवायलाही ताकद लागते, आणि ती संपत आली आहे.

कुठून सुरू करू? चोरीपासूनच करतो. चोरी म्हणजे काय, हे मला फार चांगलं ठाऊक आहे. बदलापूरला कात्रपमधल्या माझ्या घरी बरीच वर्षं कायद्याची मुलं शिकायला येत, आणि दर वर्षी मी त्यांना ते शिकवत आलो. वस्तू जंगम हवी, दुसऱ्याच्या ताब्यातली हवी, जागेवरून हलवलेली हवी. पण एवढ्यानं चोरी होत नाही. ज्याच्या ताब्यात आहे त्याची संमती नसली पाहिजे, आणि नेणाऱ्याच्या मनात लबाडी असली पाहिजे. कुणीतरी हमखास विचारायचं — सर, संमती मिळाली आहे असं त्याला खरंच वाटत असेल तर? मग चोरी नाही, मी म्हणायचो. आणि फळा पुसायला वळायचो. फळा पुसण्यासारखा नसला तरी.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं तेव्हाची गोष्ट. मी उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये बराकीतल्या एका खोलीत राहायचो. सकाळी लॉ कॉलेज, आणि तिथून थेट अंबरनाथला पितळी नळ बनवणाऱ्या एका कारखान्यात स्टोअरकीपरची नोकरी. काम सोपं होतं — माल आला की लिहायचा, माल गेला की लिहायचा. गेटमधून काहीही बाहेर जायचं असेल तर माझ्या सहीचा पास लागे. मी मात्र रजिस्टरखाली कायद्याच्या नोट्स ठेवून वाचत बसे. पास पुष्कळदा राहून जात. कुणाला खोकं हवं, कुणाला लाकडी फळी — घेऊन जा म्हणायचं, वॉचमनला हात दाखवायचा, झालं. सगळेच तसं करत. निदान मी स्वतःला तसं सांगत असे.

काळूराम तिथे हमाली करायचा. बारवीकडच्या डोंगरातल्या वाडीतला. भाताची कामं आटोपली की तो तीन-चार महिने कारखान्यात यायचा. बोलणं कमी. मला, त्याच्याहून वयानं लहान असलेल्या मला, तो साहेब म्हणायचा. डबा उघडला की आधी विचारायचा, "भाकर चालंल का साहेब?" — आणि मी कितीदा तरी त्याची तांदळाची भाकरी खाल्ली आहे. हेही सांगितलंच पाहिजे ना? नाही तर तुम्हाला वाटेल, कुणी अनोळखी माणूस होता.

त्या थंडीत त्याच्या घराचा एका बाजूचा कूड कोसळला होता. घरात बायको बाळंतीण. एका शनिवारी दुपारी तो स्टोअरच्या दारात येऊन उभा राहिला.

"साहेब, मागं ती जुनी ताडपत्री हाय. नेऊ का?"

मी मान वर केली नाही. परीक्षा तोंडावर होती. "ने," म्हणालो. "पास मी करून ठेवतो."

एवढंच. दोन वाक्यं. ती मी बोललो, यात मला तेव्हाही शंका नव्हती.

पास मी केला नाही. राहून गेला. सुट्टी झाली, ताडपत्रीची गुंडाळी खांद्यावर टाकून काळूराम गेटवर गेला आणि वॉचमननं त्याला अडवलं. एरवी सोडलं असतं. पण त्याच आठवड्यात स्टोअरमधून पितळी कॉकची दोन खोकी गायब झाली होती आणि मॅनेजर चिडलेला होता. खोकी कुणी नेली, मला माहीत नव्हतं, आजही नाही. पण स्टोअर माझं, जबाबदारी माझी — आणि मला तीन दिवस त्याचीच धास्ती होती.

मॅनेजरच्या केबिनमध्ये मला बोलावलं. काळूराम कोपऱ्यात उभा. ताडपत्री जमिनीवर. मी आत गेलो तसा त्याचा चेहरा सैल पडला — आता साहेब आले, आता सुटलो, असा. तो चेहरा मी नीट पाहिला आहे.

"हा म्हणतो, तू दिलीस," मॅनेजर म्हणाले. "बिनपासाचा माल देतोस तू?"

काय चाललं होतं माझ्या मनात? खोटं नाही सांगत — फार काही नाही. हो म्हटलं तर खोक्यांचंही खापर माझ्यावर फुटणार, नोकरी जाणार, पोलिसांत नाव गेलं तर वकिलीची सनदही गेली. हा हिशेब व्हायला श्वास घेण्याइतकाही वेळ लागला नाही. मी म्हणालो, "मला काही माहीत नाही, साहेब. मला विचारलंच नाही त्यानं."

काळूरामनं वाद घातला नाही. मग पोलीस आले आणि त्याला घेऊन गेले. खोक्यांचाही संशय त्याच्यावरच. जामीन राहायला वाडीतलं कोण येणार? त्याची रवानगी कल्याणच्या तुरुंगात झाली.

तुम्ही म्हणाल, घाबरलेला तरुण मुलगा, एक खोटं निघून गेलं तोंडातून. मीही बरीच वर्षं तसंच म्हणून पाहिलं. पण ते निघून गेलेलं खोटं मागं घ्यायला मला किती दिवस मिळाले, हे ऐका.

तो आत असतानाच कॉलेजात चोरीचा धडा लागला. शिकवायला एक म्हातारे सिंधी वकील होते, मराठीत सुरुवात करून हिंदीत शिरणारे. टेबलावर बोट आपटत म्हणाले, "बाबा, चोरी हाथ नहीं करता, मन करता है. पहले मन देखो." सगळ्यांनी लिहून घेतलं. मीही घेतलं. सुवाच्य अक्षरात. काळूरामच्या मनात काय होतं, हे त्या वर्गात — काळूराम सोडला तर जगातच — फक्त मला माहीत होतं. तास संपल्यावर उठून मी कारखान्यात गेलो आणि माल लिहीत बसलो.

त्याची बायको गेटवर यायला लागली. वाडीपासून बदलापूरपर्यंत चालत, मग पुढे बसनं. पाठीशी फडक्यात बांधलेलं तान्हं मूल. वॉचमननं सांगितलं, तुम्हालाच भेटायचं म्हणते. मी मागच्या, नाल्याकडच्या फाटकानं घरी जायला लागलो. आठवडाभर. मग एकदा तिनं मला तिथेच गाठलं. रडली नाही, पाया पडली नाही. पदर नीट करून म्हणाली, "साहेब, तुमी खरं तेवडं सांगा. बाकी काय नको."

मी तिला सांगितलं, केस पोलिसांकडे आहे, माझ्या हातात काही नाही. मी नाला ओलांडून निघून गेलो.

त्यानंतर ती आली नाही. बऱ्याच दिवसांनी कुणीतरी जामीन दिला आणि काळूराम सुटला, पण खटला राहिला. साधारण वर्षानं मला उल्हासनगरच्या कोर्टाचं समन्स आलं. सरकारी साक्षीदार म्हणून. आता मी दुसऱ्या वर्षाला होतो. शपथेवर खोटं बोलणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, त्याचं कलम मला तोंडपाठ होतं. इस्त्रीचा शर्ट घालून मी पिंजऱ्यात उभा राहिलो आणि ईश्वरसाक्ष खरं सांगेन म्हणालो. आरोपीनं परवानगी मागितली होती का? नाही. तुम्ही ताडपत्री न्यायला सांगितलं होतं का? नाही. आवाज अजिबात कापला नाही. उलट मला वाटलं, आपण साक्ष बरी दिली. खरंच तसं वाटलं होतं.

काळूरामला वकील नव्हता. न्यायाधीशांनी त्याला विचारलं, साक्षीदाराला तुला काही विचारायचं आहे का? त्याला आधी ते कळलंच नाही. शिपायानं समजावलं. मग तो माझ्याकडे वळून हळूच, भाकर चालंल का विचारायचा त्याच आवाजात म्हणाला, "साहेब, ने म्हनला व्हतात ना?"

"नाही," मी म्हणालो.

त्यानं मान हलवली.

खोक्यांचं काहीच सिद्ध झालं नाही. ताडपत्रीची शिक्षा झाली, आत काढलेले दिवस त्यातच धरले, आणि तो त्याच संध्याकाळी घरी गेला. थोडक्यात सुटला, असं कोर्टाबाहेर लोक म्हणाले. थोडक्यात? त्यानंतर त्याला अंबरनाथच्या एकाही कारखान्यानं गेटच्या आत घेतलं नाही. बदलापूरला कुठे सायकल गेली, कुठे भांडी गेली, की पोलीस आधी त्याच्या वाडीवर जायचे. मी वकील झालो, त्याच कोर्टात उभा राहायला लागलो, आणि एकदा त्याला चौकशीसाठी आणलेलं पाहिलं. बाकावर उकिडवा बसला होता. मी फाईल तोंडासमोर धरून पलीकडच्या जिन्यानं उतरलो.

शेवटचं तेवढं राहिलं. ते सांगितलं की झालं.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर, महाशिवरात्रीला, मी बायकोबरोबर अंबरनाथच्या शिवमंदिरात गेलो होतो. रांग बाहेर रस्त्यापर्यंत. कडेला वाड्यांवरची माणसं बेलाची पानं घेऊन बसलेली. त्यातल्या एकानं पानं पुढे केली, आणि मी घेता घेता थबकलो. केस पार पिकले होते. दोन दात नव्हते.

"साहेब," तो म्हणाला. "वकील झालात ना? आयकलं मी. बरं झालं."

मी काहीतरी पुटपुटलो. बायको पुढे सरकली होती. काळूरामनं इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली घेतला.

"एक इचारू का साहेब? राग नका धरू. मी लई इचार केला त्यावर. तुमी त्या टायमाला पुस्तकात व्हतात. वर बगितलंबी नव्हतं. तुमाला खरंच आठवत नव्हतं ना?"

रांग पुढे गेली. मागचा माणूस, चला, चला, म्हणत होता. काळूराम माझ्या तोंडाकडे बघत होता. रागानं नाही. अगदी मनापासून विचारत होता. एवढी वर्षं त्यानं माझं मन तपासलं होतं आणि त्यात लबाडी नाही असं ठरवलं होतं.

"हो," मी म्हणालो. "आठवत नव्हतं."

त्याचा चेहरा उजळला. "मंग झालं. मी घरी ह्येच सांगत व्हतो. बायको मानीत नाय. म्हनते, मानूस खोटं बोलला. मी म्हनलं, नाय, येवडा शिकलेला मानूस, इसरला आसंल." आणि त्यानं माझ्या ओंजळीत आणखी मूठभर पानं टाकली.

मी आत गेलो. पानं पिंडीवर वाहिली, बायकोबरोबर नमस्कार केला, दुसऱ्या वाटेनं बाहेर पडलो. पुढच्या वर्षी तो तिथे नव्हता. शेजारी बसणाऱ्या बाईला विचारलं, तर म्हणाली, गेला तो भादव्यात, तापानं.

मला आठवत होतं. केबिनमध्ये आठवत होतं, नाल्याकडच्या फाटकाशी आठवत होतं, शपथेवर उभा होतो तेव्हा आठवत होतं, आणि देवळाबाहेर त्याच्या तोंडासमोर उभं राहून आठवत नव्हतं म्हणालो तेव्हाही शब्दन्‌शब्द आठवत होता. त्याची बायको खरं बोलत होती. घरात ती एकटी खरं बोलत होती, आणि मी तिला तिच्याच नवऱ्यासमोर खोटं पाडलं.