पुलाखालचा चौक

भागीबाईच्या हाताला वळण होतं. हरसूलच्या पुढं डोंगरातल्या पाड्यांवर कुणाकडं लग्न निघालं की चौक लिहायला तिला बोलावणं यायचंच. गेरूनं सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं ती आधी चौकट ओढायची आणि मग आत पालघट देवी बसवायची. देवी बसल्याशिवाय लग्न लागत नसे. पण चौक लिहायचा तो सवाशिणींनीच. नवरा सोमा काविळीनं गेला आणि भागीबाईचं बोलावणं थांबलं. यात कुणाचा वाकडेपणा नव्हता. रीतच तशी होती, आणि ती तिलाही मान्य होती.

मग मुलगा मनोज तिला नाशिकला घेऊन आला. तो अंबडच्या एका कारखान्यात लेथवर होता. भागीबाई जवळच्याच खानावळीत नागलीच्या भाकरी थापायला लागली. त्या भाकरी न्यायला योगिनी यायची. ती शाळेत चित्रकला शिकवायची. तिच्या मंडळानं उड्डाणपुलाखालची एक लांब भिंत रंगवायला घेतली होती. जिल्ह्यातल्या प्रत्येक समाजानं आपापला तुकडा स्वतः काढायचा, अशी कल्पना. तांबटांची भांडी, येवल्याचे माग, बागलाणच्या बायकांची जात्यावरची गाणी, जुन्या नाशकातली दर्ग्याची कमान, सगळं एका ओळीत यायचं होतं.

"मावशी, तुमच्या तुकड्यावर लग्नाचा चौक काढा," योगिनी म्हणाली.

"चौक नाय लिवायची ताई मी. मालक गेला माझा."

"अहो, इथं कुठं कुणाचं लग्न आहे? नुसतं चित्र तर आहे."

"देवी बसली का मग ते नुसतं चित्र ऱ्हात नाय."

योगिनीनं पुन्हा आग्रह केला नाही. ठरलं असं, की भागीबाईनं सगळं काढावं आणि मधली चौकाची जागा मोकळी सोडावी.

किती वर्षांनी तिच्या हाताला भिंत लागली होती. तिनं भाताची लावणी काढली, तारपा फुंकणाऱ्याभोवती फिरणारी माणसं काढली. ताडावर चढलेला एक गडी काढला आणि त्याच्या कमरेला मडकं बांधलं. तो सोमा होता, पण हे तिनं कुणाला सांगितलं नाही. मनोज पाळी सुटल्यावर दोस्तांना घेऊन आला आणि बराच वेळ बघत राहिला. "माझ्या आयनं काढलंय," एवढंच तो म्हणाला. त्या आठवड्यात भागीबाई भाकरी थापतानाही गुणगुणत होती.

उद्घाटनाच्या सकाळी ती ठेवणीतलं लुगडं नेसून पुलाखाली आली आणि जागीच थांबली. मधल्या चौकटीत देवी बसलेली होती. मंडळातल्या कुणाला तरी ती रिकामी जागा अर्धवट वाटली होती. योगिनी शाळेत असताना त्यांनी मोबाइलवरचा फोटो बघून एका पेंटरकडून चौक भरून घेतला होता. भागीबाईनं तोंड उघडायच्या आत पाहुणे आले, टाळ्या झाल्या, आणि कुणीतरी तिला दंडाला धरून बरोबर चौकासमोर उभं केलं. फोटो निघाला.

तो फोटो त्याच दिवशी पाड्यावर पोचला. संध्याकाळी तिच्या भावाचा, झिपरूचा फोन आला.

"बाय, तू चौक लिवलास?"

"नाय रं. दुसऱ्यानं लिवला."

"फोटूत तूच उभी हायस."

"उभी केली मला."

झिपरूच्या मुलीचं, मोहिनीचं लग्न ठरलं होतं. नव्या सवाशिणींना काय कुठं काढायचं ते बाजूला बसून सांगायला त्यानं बहिणीला आधीच यायला सांगितलं होतं. "मी मानतो गं तुझं," तो म्हणाला, "पण सोयरे नाय मानायचे. तू लग्नाला ये. चौकापाशी नको बसू."

योगिनीला फोनचं कळलं तेव्हा तिचे डोळे भरून आले. "मावशी, मी उद्याच त्याच्यावर रंग मारून घेते."

"नको," भागीबाई म्हणाली. "बसलेल्या देवीला पुसत्यात व्हय?"

घरातला चौक चुलीच्या धुरानं आपोआप मावळतो, त्याला पुसावं लागत नाही. हा रंग मात्र दहा वर्षं हलणार नाही, असं रंगाच्या दुकानदारानं मोठ्या अभिमानानं सांगितलं होतं.

भागीबाई लग्नाला गेली. एसटीपाशी झिपरू स्वतः घ्यायला आला होता. ती मांडवात तांदूळ निवडत बसली. आतून सवाशिणींचा आवाज येत होता. मध्येच हसू व्हायचं, मध्येच कुणीतरी कुणाला थांबवायचं. मग गाणं सुरू झालं आणि देवी बसली हे तिला बाहेरूनच कळलं.

हळदीच्या अंगानं मोहिनी बाहेर आली. "आत्या, आत चल ना. बघ तरी कसा झालाय."

भागीबाईनं झिपरूकडं पाहिलं. तो मांडवाची दोरी आवळत होता. त्यानं मान वर केली नाही.

"झाला आसंल चांगला," ती म्हणाली आणि सूप पुढं ओढलं.

अंबडला परतल्यावर मनोजनं विचारलं, "कसं झालं लगीन?"

"झालं."

"आन् चौक?"

"म्या बघितला नाय," भागीबाई म्हणाली आणि उद्याच्या भाकरीचं पीठ चाळायला बसली.