प्रस्तावनेचा शेवटचा प्रश्न

आधीच सांगते, मी विज्ञान शिकवणारी बाई आहे. आमच्या रायपुरातल्या चौबे कॉलोनीत कोणी भुताखेतांचा विषय काढला की मी चहा ठेवायला उठते. त्यामुळे हे लिहिताना मलाच कसंतरी होतंय... पण लिहिते.

नवा रायपुर ओलांडून पुढे, धानाच्या शेतांमध्ये आमचं छोटंसं सरकारी विद्यापीठ आहे. मूळचं शिक्षकांचं ट्रेनिंग स्कूल. पाटी बदलली, कौलारू वर्ग तेच राहिले. तिथे मी बी.एड.च्या मुलींना शिकवते.

बी.एड. केलेल्यांना ठाऊक असेल — पाठाच्या सुरुवातीला प्रस्तावनेचे प्रश्न असतात. आधीच्या प्रश्नांची उत्तरं वर्गाला आलीच पाहिजेत, आणि शेवटच्याचं येताच कामा नये. वर्ग गप्प झाला की त्या शांततेत आपण विषय जाहीर करायचा.

माझे यजमान रेल्वेत होते. घरी माझ्या तालमीला विद्यार्थी तेच, दिवाणावर मांडी घालून बसलेले. आणि नेमका शेवटचा प्रश्न आला की हात वर — "मॅडम, मले येते." मी म्हणायची, "गप बसा हो." वर्षानुवर्षं हाच खेळ. काय येतं ते त्यांनी कधी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

ते गेले. माणूस नसणं हळूहळू अंगवळणी पडतं म्हणतात, पण मला त्यांचा आवाजच आठवेनासा झाला होता, आणि ते सोसवत नव्हतं. फोटो ढीगभर आहेत, रेकॉर्डिंग एकही नाही. मुलगा पुण्याला, फोनवर हिंदीतच उत्तर देतो. दिवसचे दिवस माझ्याशी मराठीत बोलणारं कोणी नसतं.

त्या शनिवारी दुपारी विद्यापीठ रिकामं झालं होतं. सोमवारी मुलींसमोर नमुना पाठ घ्यायचा होता. घरी जाऊन तरी कोणाला ऐकवणार? म्हणून रिकाम्या वर्गातच तालीम सुरू केली. इयत्ता पाचवी, बाष्पीभवन. गीले कपड़े धूप में डालें तो? सूख जाते हैं. बाकांच्या वतीने उत्तरंही मीच देत होते. मग शेवटचा प्रश्न — "तो फिर पानी गया कहाँ?"

आणि थांबले.

मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, मले येते."

तोच. त्यांच्या घशातल्या खरखरीसकट तोच! आणि मी काय करावं? फळ्याकडे वळता वळता, सवयीने म्हणाले, "गप बसा हो."

मग हातातला खडू पडला. मागे पाहिलं तर नुसते बाक.

एकट्या माणसाचं मन काहीही खेळ करतं, असं म्हणून मी सोडूनही दिलं असतं. पण दारात हेमलता उभी होती. बीरगांवची, माझी विद्यार्थिनी. बस चुकली म्हणून व्हरांड्यात बसलेली. ती म्हणाली, "मैडम, सर को आता था, तो बोलने देते ना."

कोण सर, असं विचारलं. तिला वाटलं होतं, मला घ्यायला घरून कोणी आलंय. वर्गाला दार ते एकच, आणि तिच्यासमोरून कोणी आत गेलं नव्हतं की बाहेर आलं नव्हतं.

स्पष्टीकरण मागू नका, माझ्याकडे नाही. अजूनही शनिवारी मी दुपारची बस सोडते, त्या वर्गात जाऊन तोच पाठ घेते, शेवटचा प्रश्न विचारते आणि थांबते. कोणी बोलत नाही. पाठाच्या नियमाने ही शांतता अगदी बरोबर आहे. पण मी विषय जाहीर करत नाही... नुसती उभी राहते. त्यांना एकदा "सांगा" म्हणायचं राहिलंय.